पोळ्यातला पटाचा बैल

शिंगांना लावायच्या रंगाचा वास आला की मला काकांचा बैल आठवतो. शंकरपटाच्या शर्यतींत धावून तो म्हातारा झाला, तेव्हा काकांनी त्याला आर्वीजवळच्या आमच्या घरी आणलं, निव्वळ सांभाळायला. नांगर त्याने कधी ओढलाच नव्हता. "पोळ्यात उधळला तं बाजारात नेजा याले," काकूने काकांना बजावलं होतं. पोळ्याच्या संध्याकाळी पिवळ्या उन्हात धूळ तरंगत होती, झुलींवरचे आरसे चमकत होते आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचे पुढारी बैलांना शेतकऱ्याचं महत्त्व समजावून सांगत होते. शेवटी पोळा सुटल्याची खूण म्हणून तोरण तोडलं, आरोळी उठली. बैलाला ती पटातलीच वाटली. काकांच्या हातून कासरा सुटला, पुढारी भिंतीला चिकटले आणि तो पाण्यावरून सरकावा तसा गल्लीत नाहीसा झाला. "गेला आता बाजारात," काका पुटपुटले. आम्ही धावत घरी आलो, तर तो काकूच्या दाराशी धापा टाकत उभा. काकू त्याच्या तोंडाशी पुरणपोळी धरून होती. "घरीच आला ना," ती काकांवरच डाफरली, "याले काय उधळनं म्हनते?" हल्ली कचेरी सुटली की मीही असाच घराकडे पळतो.