काट्यावर कमी, पोटावर तेवढंच

देविदासभाऊ वजनकाट्यावरून उतरले आणि डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. तीन महिन्यांत चौदा किलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोटो काढला. सगळे खूश होते. मी त्यांच्या पॅन्टकडे बघत होते. पोटावर ती अजून ताणलेली होती आणि मांड्यांवर नुसती लोंबत होती.

मी तेव्हा गडचिरोलीच्या एका खासगी दवाखान्यात डाएटिशियन होते. कोणी काय खावं, किती खावं, हे सांगायचं काम. देविदासभाऊ आरमोरीजवळच्या एका गावचे, पन्नाशी ओलांडलेले. एका कंत्राटदाराची कामगारांची बस चालवायचे. दिवसभर बसून काम, दोन्ही वेळा ताटभर भात, त्यामुळे पोट सुटलेलं आणि शुगर सुरू झालेली. कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं त्यांना सांगितलं होतं, वजन उतरव, नाहीतर स्टेअरिंग दुसऱ्याला देतो. म्हणून ते आले होते.

पहिल्या भेटीत मी त्यांना साधा हिशोब सांगितला. काट्यावरचा आकडा एकच दिसतो, पण त्यात चरबी असते, हाडं असतात, पाणी असतं आणि स्नायू असतात. स्नायू म्हणजे ज्याच्या जोरावर आपण उठतो, चालतो, ब्रेक दाबतो ते मांस. आपल्याला घालवायची असते ती चरबी, त्यातही पोटातली. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबीबरोबर स्नायूही खाऊन टाकतं. आकडा झपाट्यानं उतरतो, पण ताकदही त्याच्यासोबत जाते. म्हणून भात अर्धा करायचा, डाळ घट्ट करायची, रोज अंडी नाहीतर मासे किंवा चणे, भरपूर भाजी. रोज चालायचं आणि खुर्चीवरून उठाबशा काढायच्या. वजन हळू उतरेल, कंबर मात्र नक्की कमी होईल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हळू जमणार नाई. तो मले काढून टाकंल."

डॉक्टरसाहेबांनी त्याच सुमाराला नवीन पॅकेज सुरू केलं होतं. सकाळी पावडरचा शेक, दुपारी पातळ सूप, रात्री पुन्हा शेक. जेवण नाहीच. पावडर दवाखान्यातच मिळायची. मी साहेबांना म्हटलं, यात व्यायाम नाही आणि प्रोटीनही पुरेसं नाही, देविदासभाऊंचे स्नायू जातील. निदान दर महिन्याला कंबर मोजू, पायाची ताकद बघू.

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेप घेऊन बसाल तर पेशंट घरी जाईल. लोकांना आकडा पाहिजे."

देविदासभाऊंनी पॅकेज घेतलं. मधल्या काळात त्यांची बायको शीलाबाई एकदा माझ्याकडे येऊन गेल्या. ते चिडचिड करतात, केस गळतात, जिना चढताना कठडा धरतात, असं सांगत होत्या. मी त्यांना डाळ-अंडी सुरू करायला सांगितलं. त्यांनी केलीही होती, पण भाऊंनी ताट सरकवून दिलं. आकडा वाढेल म्हणून.

हार घातला त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. कंबर मोजली. चौदा किलो गेले होते आणि कंबर जेमतेम दोन बोटं कमी झाली होती. मग त्यांना हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितलं. ते थोडे पुढे झुकले आणि परत बसले. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता उठले.

मी म्हटलं, भाऊ, पावडर आजच बंद करा. पायात जोर येईपर्यंत गाडीवर जाऊ नका.

"आताच तं पास झालो ना जी," ते म्हणाले. "आता सुट्टी कशी मागू?"

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते फोटो बघत होते. भाऊंना हात न धरता खुर्चीतून उठता येत नाही, गाडीवर जाऊ नका असं आपण सांगितलंत तर ते ऐकतील, एवढंच मी म्हटलं. साहेबांनी विचारलं, "शुगर किती आहे?" मी सांगितलं, कमी झालीय. "मग झालं तर." आणि पुन्हा फोनकडे वळले.

पंधरवडाही गेला नसेल. कामगार उतरल्यावर देविदासभाऊ ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरत होते. ती पायरी उंच असते. गुडघ्यानं दगा दिला आणि ते एका कुशीवर आपटले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. कंत्राटदारानं दुसऱ्याच दिवशी नवा ड्रायव्हर ठेवला. सुपरवायझर बघायला आला होता. म्हणाला, गाडी उभी ठेवता येत नाही, भाऊ. त्याचंही खोटं नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते हळहळले. मग म्हणाले, पडणं कोणाच्या हातात असतं का. पॅकेजच्या पुढच्या बॅचमध्ये बरीच माणसं होती. महिनाअखेरीला मी नोकरी सोडली. त्यांनी थांबवलं नाही.

नंतर मी देविदासभाऊंकडे जात राहिले. दोन्ही वेळा घट्ट डाळ, अंडी, गावच्या तळ्यातली मासोळी, भात मोजका. आधी खाटेवर पाय उचलायचे, मग भिंत धरून उभं राहायचं. सहा-सात महिने गेले. शीलाबाई एकदा मला अंगणातच अडवून म्हणाल्या, "काऊन जी मॅडम, यायचं वजन तं वाढून राह्यलं." त्या खरंच घाबरल्या होत्या. मी कंबरेचं माप दाखवलं. पोट उतरलं होतं. वाढलं ते पायांवर वाढलं होतं. शुगरही बरी होती.

आता ते काठी न घेता गावच्या चौकापर्यंत जातात. बस चालवत नाहीत. कोणी देत नाही.

माझं आता स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. कोणी आलं की आधी विचारते, काय कमी करायचंय? बहुतेक जण म्हणतात, वजन. मग चरबी वेगळी आणि वजन वेगळं हे समजावण्यात अर्धा तास जातो. काही जण थांबतात. ज्यांना घाई असते ते मान डोलवून उठतात आणि दुसरीकडे जातात. अशांसाठी गावात जागा पुष्कळ आहेत, आणि तिथे काटेही चांगले असतात.