सांधा भरायचा नाही

आमच्या कारखान्यात माणसं अर्धी अर्धी तयार होत. समोरचा भाग एका साच्यातून निघे, पाठीचा दुसऱ्यातून. दोन्ही जोडले, कानामागून काखेतून घोट्यापर्यंत उतरणाऱ्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ती पॉलिश पेपरने घासली, की कापडदुकानाच्या काचेत उभा राहायला पुतळा तयार. ती फट भरायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "साच्यातून निघालेला एकही पसंत पडला नाही." जिभेच्या धारेमुळे कामगार तिला पटाशी म्हणत, आणि तेही तोंडावर.

कारखान्याचा नियम एकच, आजोबांपासून चालत आलेला. माल बाहेर जाण्याआधी बाबा डोळे मिटून पुतळ्याच्या अंगावरून बोट फिरवत. बोट अडखळलं की पुतळा परत आत. नाही अडखळलं, तर टाचेला पत्र्याची छोटी पट्टी ठोकायची. तिच्यावर आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, नाव. आत्याच्या हातचा पुतळा कधी परत आत गेला नव्हता. पण तिचं काम कुणाला दिसलंही नव्हतं. दिसलं असतं तर ते वाईट ठरलं असतं.

एक दिवस विज्ञान संग्रहालयातल्या भूगर्भशास्त्राच्या बाई आल्या. त्यांना समुद्राच्या तळाची प्रतिकृती हवी होती, दोन पलंग जोडल्यावर होईल एवढी मोठी.

"आम्ही माणसं करतो, समुद्र नाही," बाबा म्हणाले.

आत्याने हातातला पेपर खाली ठेवला. "मी करते."

बाईंनी नकाशा उलगडला. महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची लांबच लांब रांग होती. तिथे खालून तप्त रस वर येतो, थिजतो, त्याचा नवा तळ बनतो आणि दोन्हीकडे सरकत जातो, बोटांची नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगाने. पण रांग सरळ नव्हती. थोडी पुढे जाऊन एकदम बाजूला सरके, पुन्हा पुढे, पुन्हा बाजूला. जिथे सरकली होती तिथे आडवी चीर.

"तुटलीय," आत्या म्हणाली.

"बघणाऱ्या सगळ्यांना तसंच वाटतं." बाईंनी एक पुठ्ठा घेतला, त्यात दोन उभ्या फटी पाडल्या, एक पुढे, दुसरी तिच्या मागे पण बाजूला सरकवलेली. दोन्हींची टोकं जोडणारी आडवी रेघ पेन्सिलीने ओढली. मग प्रत्येक फटीतून दोन कागद वर काढून ते आत्याला डावीउजवीकडे ओढायला लावले. रेघेपाशी एका फटीतला कागद डावीकडे चालला होता, दुसऱ्या फटीतला उजवीकडे, एकमेकांना घासत. फटी मात्र होत्या तिथेच.

"इथे नवा तळ बनत नाही, जुना नाहीसा होत नाही," बाई म्हणाल्या. "नुसती घासाघीस. रेघेवरचे भूकंप होतात ते फटींमधल्या याच तुकड्यात. रेघ पुढे फटींच्या पलीकडेही जाते, पण तिथे दोन्ही बाजू एकाच दिशेने चाललेल्या, त्यामुळे शांत. नुसता व्रण. आणि रांग आधी सरळ होती न् मग मोडली, असं समजू नका. बहुधा सुरुवातीपासूनच ती पायऱ्यापायऱ्यांची आहे."

आत्याने कागद पुन्हा आत ढकलले आणि पुन्हा ओढून पाहिले.

"म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच."

"काहीच नाही."

काम सुरू झालं तेव्हा सगळ्यात मोठी अडचण तिच्या अंगठ्याची झाली. प्लास्टरमध्ये चीर कोरून हात काढायच्या आत अंगठा सवयीने तिच्यावरून फिरे आणि चीर बुजून जाई. शेवटी तिने अंगठ्याला चिंधी बांधली.

आईने दारातून डोकावून पाहिलं. "वन्सं, समुद्राच्या तळाला कोण हात लावायला जाणार आहे? करून टाका सरळ, म्हणजे जेवायला तरी वेळेवर याल."

"वहिनी, तुमचा भांग सरळ करा असं कधी म्हटलंय मी?"

आईने भांगावर हात नेला आणि हसत निघून गेली.

माल जायच्या आदल्या दुपारी आत्या वरच्या झाकणाचं माप द्यायला काचवाल्याकडे गेली. परत आली तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसलेले, हात कोपरापर्यंत पांढरे. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः लांबीला हात लावला नव्हता.

"अगं किती सांधे उघडे ठेवले होतेस! घाईत राहिले म्हटलं. भरले सगळे, रांगेची टोकंही जुळवली. बोट फिरवून बघ, लोणी आहे लोणी!"

त्यांचा चेहरा खुशीने उजळला होता. आत्याने भिंतीवरचं करवतीचं पातं काढलं.

"काय करतेस?"

"उघडते."

"वेड लागलंय? ओलं आहे अजून. पातं लावलंस तर अख्खं उकलेल. सकाळी टेम्पो येतोय!"

"उकलू दे. तुकडे नेऊन ठेवीन. खोटं नेणार नाही."

"लोक म्हणतील, यांच्या मालाला तडे जातात."

"सांगेन त्यांना, तडे समुद्राचे आहेत. आमचं फक्त खालचं प्लायवूड."

कामगारांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. बाबा उठून उभे राहिले. "असलं उघडं जाणार असेल तर अण्णांची पट्टी लागायची नाही त्याला. सांगून ठेवतो."

घासायचे आवाज थांबले. ती पट्टी नसलेला माल त्या दारातून कधी बाहेर गेला नव्हता.

"नको लावूस," आत्या म्हणाली. "माझं काम दिसू नये म्हणूनच आजवर राबले, दादा. हे दिसणार. सरक जरा, उजेड अडतोय."

बाबा सरकले. ती एकेक चीर कापत गेली. शेवटच्या चिरेपाशी एक कपचा उडाला. तो तिने जागेवर चिकटवला. त्या दिवशी तिने वापरलेली लांबी तेवढीच.

सकाळी बाबा टेम्पोत चढून बसले. "उतरवताना कुणी आपटायला नको," एवढंच म्हणाले. संग्रहालयाच्या दालनात प्रतिकृती ठेवली, तसा तिथला पहारेकरी वाकून बघू लागला. "अरेरे, वाटेत तडकलं की हो! थोडं प्लास्टर आणून देऊ?"

आत्याने तोंड उघडलं, पण त्याआधी बाबाच गरजले, "तडकलेलं नाहीये ते! आमच्याकडून तडकलेला माल बाहेर पडत नाही. ते असंच असतं."

पहारेकरी बिचारा मागे झाला. बाबांनी खिशात हात घातला आणि पत्र्याची पट्टी काढली. "लावू का?"

"कुठे लावणार? पट्टीच्या जागेवर रंग मारलाय मी."

बाबांनी थोडा वेळ पट्टी तळहातावर धरली, मग खिशात टाकली. डोळे मिटून त्यांनी डोंगरांच्या रांगेवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं हळूहळू पुढे नेलं. पहिल्याच पायरीशी बोट खाली घसरलं.

"अडखळतंय," ते म्हणाले.

"अडखळू दे."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. चिरेतून बोट आडवं सरकवत ते पुढची रांग शोधू लागले.