बारवेचा दुसरा स्कॅन

भूतखेत म्हटलं की मी टिंगल करणाऱ्यांतला. पेशाने सिव्हिल इंजिनिअर. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, एवढं सोपं... आणि नेमकं मोजतानाच हे घडलं, म्हणून इथे लिहितोय.

संगमनेरहून अकोले तालुक्यात जाताना एका गावात — नाव देत नाही — जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची विहीर. दुरुस्तीआधी तिचं थ्रीडी मॉडेल करायचं काम आमच्याकडे होतं. माझा पार्टनर नीलेश फोटोग्रामेट्रीवाला. शेकडो फोटो काढायचे, सॉफ्टवेअर ते जोडून मॉडेल बनवतं. मी लेसर स्कॅनरवाला. लेसर चहूकडे फिरवून दगडन् दगडाचं अंतर मोजायचं. कुणाचं सरस, यावर आमची रोज जुंपायची.

दोघांचं काम झाल्यावर दोन्ही मॉडेल लॅपटॉपवर शेजारी लावली. नीलेशची बारव रिकामी. माझ्या मॉडेलमध्ये खालच्या पायरीवर एक बाई बसलेली, मांडीवर पिशवी.

"माणसं बाजूला करायची असतात रे आधी," नीलेश खिदळला.

पण हलणारं माणूस लेसरमध्ये पुसट फराटा होऊन येतं. ही तर पायरीइतकीच स्पष्ट... म्हणजे सगळा वेळ जराही न हलता बसलेली. आम्ही दोघं तिथेच होतो, खाली कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच बारवेशेजारी राहणाऱ्या शेवंतामावशींना लॅपटॉप दाखवला. "मावशी, ही कोण मधे येऊन बसली?"

त्यांनी पिशवीवर बोट ठेवलं. "माजी सुमन हाय ही."

सासरी मारहाण व्हायची म्हणून मुलगी तीच पिशवी घेऊन माहेरी निघून आली होती. "म्या दारातूनच परत धाडली. लोक काय म्हनतील म्हून. सासरी गेलीच न्हाई ती... हितं आली. पान्यातच गावली." मग माझा हात धरला. "मी बसते तिच्याजवळ. पुन्यांदा फोटू काढा. तिला कळंल, आई आलीय."

या वेळी नीलेशनंच स्कॅनर मांडला. मावशी त्याच पायरीवर बसल्या, शेजारी जागा ठेवून. स्कॅन संपेपर्यंत हलल्या नाहीत.

मॉडेल उघडलं. मावशी स्पष्ट. शेजारची जागा रिकामी. फिरवून पाहिलं तर सुमन पार समोरच्या कोपऱ्यात, पाण्यालगत... भिंतीकडे तोंड करून, पिशवी छातीशी घट्ट धरून.

"तोंड कुनीकडं हाय तिचं?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाकून पाहिलं.

"आजून रागच हाय व्हय गं..."

स्कॅनर तपासून आणला, त्यात काही दोष नाही. नीलेशच्या एकाही फोटोत ती नाही. लेसरला ती कशी दिसली, ते मी अजून शोधतोय. तिनं पाठ का फिरवली, हे मात्र मावशींना कुणी सांगावं लागलं नाही.