अर्धं वावर लाल, अर्धं निळं

जीवराम नानाने सालभर आमचं डोकं खाल्लं. लाल घ्यावा की निळा, हा एकच प्रश्न. सकाळी चहाला तोच, संध्याकाळी पारावर तोच, एकदा तर मयतीला गेलो तेव्हा स्मशानाच्या वाटेवरही तोच. आमच्याकडे ट्रॅक्टर कंपनीच्या नावाने ओळखत नाहीत, रंगाने ओळखतात. लाल म्हणजे मोठा, भरलेली ट्रॉली तापीकाठचा चढ ओढून वर आणणारा. निळा म्हणजे बुटका आणि अरुंद, केळीच्या दोन ओळींमधून पान न फाडता निघून जाणारा. एकाला जमतं ते दुसऱ्याला जमत नाही, आणि नानाच्या शेतात दोघांचंही काम.

शिरपूरहून नदीकडे उतरलं की आमचं गाव लागतं. नानाची आणि माझी वावरं बांधाला बांध. खाली काळ्या जमिनीत त्याची केळी, वर मुरमाड पट्ट्यात कापूस आणि मका, मधे दोन म्हशींपुरता चारा, गोठ्यात एक बैलजोडी. कुणाचं देणं नाही, कुणाशी भांडण नाही. माणूस कष्टाला वाघ, पण निवड करायची वेळ आली की गाडी रुतलीच म्हणून समजा. म्हैस घ्यायची तर सारा उन्हाळा बाजार पालथे घालणार आणि शेवटी मागच्या गल्लीतली घेऊन येणार. घरात तानुबाई वहिनी आहे म्हणून संसार झाला, नाहीतर हा गडी लग्नाच्या मांडवातही विचार करत उभा राहिला असता.

हे ट्रॅक्टरचं खूळ कसं शिरलं ते सांगतो. नानाला एकच मुलगा, नाव नवीन. लग्नानंतर सुरतला गेला, कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर झाला. मुलगी दिपमाला धुळ्याला देवपुरात दिलेली. मागच्या आखाजीला सगळी घरी जमली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे ती दिवाळीहून मोठी. मीही पंगतीला होतो. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुणाला बोलायला फुरसत नाही असं जेवण. नवीन पोळी रसात बुडवता बुडवता म्हणाला, "नाना, घर ट्रॅक्टर ऱ्हाता तं मी सुरतले कसाले जातू?"

घरी ट्रॅक्टर असता तर सुरतला कशाला गेलो असतो, एवढं बोलला आणि आईकडे आणखी रस मागितला.

आता आखाजीची आमच्याकडे एक रीत आहे. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ह्याच दिवशी ठरतो. त्याला घरी बोलवून चहा पाजायचा आणि वर्षाचं बोलणं करायचं. ना सही, ना साक्षीदार. पण त्या दिवशी तोंडातून निघालेला शब्द पुढच्या आखाजीपर्यंत मालकही मोडत नाही आणि सालदारही मोडत नाही. नानाचा सारा जन्म ही रीत पाळण्यात गेला. पोराचं ते रसातलं वाक्यही त्याने त्याच रीतीत बसवलं. आखाजीला बोलला म्हणजे बोलला.

त्या संध्याकाळी वना आला. कितीतरी वर्षं तोच नानाचा सालदार, बोलणं म्हणजे नुसता उपचार. चहा झाला. नाना म्हणाला, "औंदा नको वना. नवीन येनार शे." वना पायात चपला सरकवून समोरच्या गल्लीत रतिलालकडे गेला. रतिलालने त्याला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. असा माणूस कोण सोडतो?

मी नानाला म्हटलं, "अरे, पोरगं जेवता जेवता बोलनं."

"जेवता जेवता बोलना म्हनजे खोटं बोलना का, तोताराम?" नानाने मलाच गप्प केलं.

मग सुरू झाल्या आमच्या वाऱ्या, माझ्या मोटारसायकलवर. शिरपूरची दुकानं झाली, धुळ्याची झाली, पारोळ्याला कुणीतरी एक चांगला विक्रेता सांगितला म्हणून तिथेही जाऊन आलो. सगळीकडे चहा फुकट, कागद गुळगुळीत आणि पोरं गोडबोली. "काका, आधी सीटवर बसून तर बघा," असं कुणी म्हटलं की नाना मागे सरायचा. "माले नही चालाडनं. मन्हा पोऱ्या चालाडी." आणि विचारायचा काय, तर सीट कडक आहे का, दिवसभर बसलं तर कंबर धरेल का, वर छत बसतं का, मोबाईल चार्ज होतो का, गाणी ऐकू येतात का. इंजिनाचं अक्षर नाही. पारोळ्याचा तो विक्रेता शेवटी माझ्या कानाशी म्हणाला, "यांना ट्रॅक्टर पाहिजे की कार?" मी हसलो. नंतर घरी येताना मला वाईट वाटलं. शेतीला काय लागतं ते नानाला त्या पोरापेक्षा जास्त कळत होतं. तो शेतीसाठी बघतच नव्हता. पोराला सुरतेहून उठवून इथे बसवायचं, तर ती जागा सुरतेपेक्षा बरी हवी, एवढंच त्याचं गणित.

प्रत्येक फेरीनंतर नवीनला फोन. आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. एरवी बापलेकांचं बोलणं म्हणजे जेवलास का, जेवलो, पाऊस आहे का, नाही, ठेवू का, ठेवा. पण ट्रॅक्टर निघाला की नवीन सुटायचा. त्याला गाड्यांची आवड लहानपणापासून. निळ्याचा गिअर कसा, लाल किती डिझेल पितो, कुठल्या मेळ्यात कोणता पाहिला, व्हिडिओ पाठवायचा, वर पुन्हा फोन करून बघितला का म्हणून विचारायचा. नाना ओट्यावर बसून मोबाईल कानाला घट्ट दाबून ऐकायचा, आणि त्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. "मंग कोनता लेऊत?" असं विचारलं की पलीकडून उत्तर ठरलेलं: "दखा नाना, तुम्हीच ठरावा."

नाना काही ठरवत नव्हता. मी एकदा वैतागून वहिनीजवळ बोललो, की ह्याला म्हणावं एकदाचं डोळे मिटून एकावर हात ठेव. वहिनी म्हशीला पेंड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठरी गयं, मंग ते दोन्ही बोलतीन कसावर, भाऊ?"

रंग ठरला की बापलेकांचं बोलणं पुन्हा जेवलास का, जेवलो वर येणार, हे तिने आधीच ओळखलं होतं.

मे संपता संपता ठिबकवर कापूस लावायची वेळ झाली. ट्रॅक्टर आला की ओळींमधून त्याची चाकं गेली पाहिजेत, तर ओळीही त्याच मापाच्या हव्यात. पण कोणत्या मापाच्या? लालच्या दोन चाकांत अंतर जास्त, निळ्याच्या कमी. शहाणा माणूस अशा वेळी नेहमीसारखी लागवड करतो. नानाने काय करावं? सुतळीला गाठी मारून दुकानातून दोघांची मापं आणली आणि अर्ध्या वावरात लालच्या मापाने सऱ्या पाडल्या, अर्ध्यात निळ्याच्या. गावाने हसून घेतलं. नीलेश दुधवाल्यापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे विचारायचे, नाना आज लाल वावरात का निळ्या वावरात? नानाही हसायचा. त्याला वाटत होतं, हसणारे चार महिन्यांनी बघतील.

चार महिन्यांत बघितलं ते गवत. ओळी रुंद, ट्रॅक्टर नाही, आणि बैलाचं कोळपं त्या मापाला पुरेना. जिथे एक फेरा व्हायचा तिथे दोन घालावे लागत. सालदार नाही, म्हणून कोळप्यामागे नाना स्वतः. गुडघा आधीच दुखरा, पाऊस पडला की चिखलात पाय उचलेना. निंदणीच्या बाया दुप्पट गवत बघून एक दिवस आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात गेल्या. वना रतिलालचा ट्रॅक्टर चालवत आमच्या बांधावरून जायचा तेव्हा वेग कमी करायचा, नानाच्या वावराकडे बघायचा आणि तोंड फिरवून पुढे जायचा. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं वेळेवर कापली गेली नाहीत, घड हलके आले. कापूस वेचायला आला तेव्हा बोंडं कमी आणि गवत कमरेला. वहिनी रोज म्हणायची, रोजाने का होईना, माणूस लावा. नानाचं एकच, "नवीन येनार शे." दिवाळीला नवीन आला नाही, मिलमध्ये सुट्टी मिळाली नाही. फोनवर मात्र लालचं नवीन मॉडेल निघाल्याचं तासभर सांगत होता.

तर ही आखाजी आली. नवीन, त्याची बायको मोहिनी आणि छोटी डिंपल आदल्या दिवशी आले. सकाळी मी गेलो तर नाना आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर तयार. मुहूर्तावर बुकिंग करायचं म्हणून दुकानात सांगून ठेवलेलं, रंग तेवढा कळवायचा बाकी. नवीन खाटेवर मोबाईल बघत बसला होता.

"नवीन, आते सांग बरं. आज जानं शे. लाल का निळा?"

"ज्याले चालाडना शे त्याले इचारा ना, नाना."

"त्यालेच इचारी ऱ्हायनू."

नवीनने मान वर केली. आधी हसला, मग बापाचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "माले? मी कसा चालाडसू? मी सुरतले."

"तू बोलना व्हता. गई आखाजीले. घर ट्रॅक्टर ऱ्हाता तं सुरतले जातू नही म्हने."

"कव्हय?" नवीनने विचारलं.

कधी, असं त्याने खरंच विचारलं. आव आणत नव्हता. त्याला काही आठवत नव्हतं. पंगत, रस, ते वाक्य, काहीच नाही. मला त्या क्षणी पोराचा असा संताप आला की उठून जावं वाटलं. खोटं बोलला असता तरी परवडलं असतं. खोटं बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते निदान लक्षात तरी ठेवावं लागतं. पण रागावू कुणावर? पोरगं जेवताना काहीतरी बोललं, ह्यात गुन्हा कुठला? मोहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिने खाली बघत हळूच सांगितलं, "नाना, डिंपलनं नाव शाळामा टाकं शे. तठेच, सुरतले." वहिनी स्वयंपाकघरात पुरण वाटत राहिली. तिला हे सालभर माहीत होतं, असं मला वाटतं.

नानाने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाळा चांगली शे ना?" म्हणाला. मोहिनीने मान हलवली. मग तो चपला घालून निघाला. मला वाटलं दुकानात नको म्हणून सांगायला निघाला, म्हणून मी मोटारसायकलची किल्ली काढली. तर हा चालत वनाच्या घराकडे वळला. मीही मागे गेलो.

वना अंगणात तोंड धूत होता. रतिलालकडे नव्या वर्षाच्या बोलण्याला जायची त्याची तयारी चाललेली. नानाला बघून तो गडबडला, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. नाना ओसरीवर बसला. गुडघ्यामुळे त्याला बसायला जरा वेळ लागला.

"वना, तुले कोनता बरा चालाडता ई, लाल का निळा?"

वनाला थट्टा वाटली असावी. त्याने माझ्याकडे बघितलं.

"माले दोन्ही चालाडता येतस," तो म्हणाला. "पन नवीनभाऊ येनार व्हतात ना? कोनाकरता ली ऱ्हायनात तुम्ही?"

"तुन्हाकरता."

बायकोने चहा आणून ठेवला, पण तो कुणी उचलला नाही. वनाला सुटकाच नव्हती. शब्द द्यायचा तर खरा द्यावा लागणार, दिवसच तो होता.

"नाना, मी सालदार शे," तो शेवटी म्हणाला. "मी पुढली आखाजीपर्यंतनं बोलसू. तेनापुढनं माले नका इचारू."

"तितलं तं तितलं," नाना म्हणाला आणि त्याने कप उचलला. "सालभर घर कोनी तं ऱ्हाई."