बापूरावांचा अळणी डबा

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण मागच्या आठवड्यात दवाखान्यात लघवीची बाटली द्यायची होती आणि मी पिशवीतून ताकाची काढून दिली. कंपाउंडरनं ती उजेडात धरली. "काका, तब्येत फारच बिघडली दिसते!" सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं खरी बाटली घेतली, नळीत ओतून तापवली — आणि लघवी गढूळ झाली, नासलेल्या दुधासारखी. माझं हसू तिथंच थांबलं. ही गढूळ नळी मला ओळखीची होती. पाहिली नव्हती, ऐकली होती.

बापूराव आमचे फोरमन. कारखान्यात नव्या भट्टीचा पाया बांधून राहिलो होतो, तेव्हाची गोष्ट. त्यांचं कुटुंब गोंदियाकडे, म्हणून डबा माझी बायको करायची आणि मी साइटवर न्यायचो. एकदा माझे वडील कारखाना बघायला आले, लाखोळीच्या डाळीचं गाठोडं घेऊन. त्यांच्यादेखत, सगळ्या गँगसमोर, बापूराव मला म्हणाले, "कावून रे, बापानं बैल विकून तुलेच नांगराले जुंपलं असतं तं बरं झालं असतं!"

मी काय केलं? हसलो. साहेबाच्या विनोदाला हसतात तसा. वडील पाणी न पिता स्टेशनावर गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

पुढं काही महिन्यांनी बापूराव आमच्या दारात येऊन बसले. "वहिनी, माही लघवी तापवली तं गढूळ झाली. डॉक्टर म्हणते, मूत्रपिंड गळून राहिलं. आता सुरुवात आहे, दुखत काही नाही. पण याच्यानं रक्तदाब चढते, हृदयाच्या नळ्या खराब होतात म्हणे. मीठ बंद!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा अळणी. आणि मी — थांबा, सांगतो — मी खिशात मिठाची पुडी ठेवू लागलो. सिमेंटच्या गोण्यांआड डबा उघडायचा, वरणात चिमूट टाकायची, बोटानं ढवळायचं. नंतर चिमटीची मूठ झाली. बापूराव बोटं चाटत म्हणायचे, "वहिनीले माही दया येऊन राहिली वाटते!" मी हे घरी सांगितलं, तर बायको खूश. मीठ नसूनही चव येते म्हणून.

त्यांचे पाय सुजू लागले. बूट चढेना. मी वाकून तो चढवून द्यायचो — आणि आतून कसं गार गार वाटायचं! मरावेत असं वाटत होतं का? वाटत होतं. एका दुपारी ते छाती धरून वाळूच्या ढिगावर बसले, ते उठलेच नाहीत. मी खांदा दिला. रडलोही, छान रडलो.

मिठानं गेले की तसेही जाणार होते? मला माहीत नाही. वडिलांची पाठ आठवली की आजही बोटं चिमटीत येतात, एवढं माहीत आहे.

आता मीठ मला बंद आहे. माझा अळणी डबा कारखान्यात दुपारच्या पाळीचा शेजारी घेऊन येतो. काल बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत. शेवटचं ताट उपडं घालून म्हणाली,

"उद्यापासून तुमचा डबा कोणाच्या हाती धाडू?"