डायरीत लिहिलेली विहीर

आधीच सांगून टाकतो, असले अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आलो. आमचं घर बौद्ध, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात देव्हारा नाही, अंगात येणं नाही, उतारे-बितारे तर दूरच. लहानपणी कुणी भुताचं नाव काढलं की वडील शांतपणे म्हणायचे, "पाह्यलं का तू? पत्ता घेऊन ये, आपण जाऊ भेटाले." मी त्याच माणसाचा मुलगा आहे. तरीही हे लिहायला बसलो तेव्हापासून तीनदा उठून पाणी पिऊन आलोय... आणि मला तहान अजिबात लागलेली नाही.

गोष्ट यवतमाळची, वीस वर्षं होत आली असतील. कापसाचं सगळं बिनसलेलं होतं तो काळ. पेपर उघडला की आमचाच जिल्हा. बाहेरगावी गेलो आणि यवतमाळचा आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, जणू मी कुणाच्या मयतीहून आलोय.

आणि त्याच काळात मी आणि माझा मित्र गजू, आम्ही दर रविवारी गाडी काढून भटकायचो. खरं सांगायला मला अजून लाज वाटते, पण मजा यायची. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, गजूचं मेडिकलचं दुकान. रविवार सोडला तर दोघंही आठवडाभर चार भिंतींत. मी सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती. दिवाळी झाली की आमच्याकडे जी हवा सुटते ना... सकाळी स्वेटर लागतो, दहा वाजता काढावासा वाटतो. पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना साग, मग एकदम मोकळी वावरं, फुटलेला कापूस आणि मधल्या ओळींत पिवळी फुलं आलेली तूर. हेल्मेटची काच वर करून चालवायचं, टपरीवर चहा प्यायचा, परत यायचं. कुठे जायचं असं काही नसायचंच.

मला एक खोड होती. गाडीचा अॅव्हरेज काढायचा. मधूनमधून थांबून किलोमीटरचा आकडा खिशातल्या डायरीत लिहायचो. आणि त्या वर्षांत वावराच्या कडेला गाडी लावून डायरीत लिहिणारा माणूस म्हणजे काय? पाहणीवाला! पथकं येत होती, पेपरवाले येत होते, संस्थावाले येत होते, आणि सगळ्यांच्या हातात डायरी. लोक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत यायचे आणि सांगायला लागायचे. आमचं लिहा. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, अहो आम्ही कुणी नाही, फिरायला आलोय. त्यावर ते ज्या नजरेने पाहायचे ती सहन व्हायची नाही. फिरायले? इथं? शेवटी गजूनेच तोडगा काढला. "हो म्हनाचं बे, लिहितो म्हनाचं. त्याइचंही समाधान, आपलीही सुटका." मग आम्ही हो म्हणायला लागलो. मी तर चार ओळी खरंच लिहायचो, म्हणजे खोटं जरा कमी वाटायचं.

त्या रविवारी साडेनऊ-दहा झाले असतील. ऊन चांगलं पडलेलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मोहद्याच्या अलीकडे डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, त्याला लागून एक वावर होतं. कापूस नुसता पांढरा, वेचणी व्हायची होती. गजू गाडीला टेकून शेंगदाणे खात होता, मी आकडा लिहीत होतो. पराटीतून एक म्हातारी आली. पराटी म्हणजे कापसाची झाडं, छातीएवढी वाढलेली. साठीच्या पुढची, काटक, हनुवटीवर गोंदण, लुगड्यावर पुरुषाचा निळ्या चौकडीचा फुल शर्ट. वेचणाऱ्या बायका असा शर्ट घालतातच, हाताला काटक्या लागू नयेत म्हणून. खिशाला तेवढं लाल बटण होतं, बाकी पांढरी.

"पाहनीवाले होय का?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत गजू म्हणाला, "हो माय. हे साहेब हायेत. सांगा, लिहून घेतीन."

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. म्हातारी मात्र माझ्याजवळ आली आणि भराभर बोलायला लागली. आवाज खणखणीत. मला वाटलं नेहमीचंच असेल, पण तिने भावाचं, पावसाचं, कशाचंच नाव काढलं नाही.

"थे इहीर दिसते का, बाभळीजवळची? तिचा काठ अंदरून पोकळ झाला. वरतून चांगला दिसते. पुढच्या ऐतवारी आमची सीतादही हाये, समद्या बाया त्या काठावरच बसतीन. लिहा."

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी बायका वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. कुणी धुऱ्यावर करतात, कुणी विहिरीपाशी. मी लिहिलं : बाभळीजवळची विहीर, काठ आतून पोकळ, पुढचा रविवार.

"लिहिलं?"

"लिहिलं माय."

"कोनाले सांगसान?"

"वर सांगतो," मी म्हणालो. हे आमचं ठरलेलं उत्तर. वर म्हणजे कुठे, हे कुणी कधी विचारायचं नाही. तिनेही विचारलं नाही. मान हलवली आणि आली तशी पराटीत शिरली. आम्ही पुढे टपरीवर जाऊन भजी खाल्ली.

सोमवारपासून माझं डोकं ठिकाणावर राहिना. इतर लोक जे सांगायचे त्यावर माझा इलाज नव्हता, म्हणून विसरता यायचं. पण हे? हे तर नुसतं कुणाला तरी सांगायचं काम होतं. आणि तिने ते सांगितलं, पण ज्याला सांगितलं तो कुणीच नव्हता. तिला वाटत असणार, साहेबाने लिहून घेतलंय, आता काहीतरी होईल. बुधवारी कॉलेजात माझ्या हातून दोन बीकर फुटले. गुरुवारी गजूच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला, "अबे, थिनं घरीही सांगतलंच असन न. तू कायले जीव काढून राह्यला?" बरोबर होतं. पटलंही. रात्री बायको म्हणाली, बसा तरी एका जागी. मला बसवेना.

रविवारी आम्ही ठरवून उलट्या दिशेला निघालो, कळंबला. बसस्टँडही मागे पडला नसेल, मी गाडी थांबवली. गजूला म्हटलं, तू उतर, मी जाऊन येतो. तो उतरला नाहीच, म्हणाला, "चाल, फिरव."

त्या दिवशी मी अॅव्हरेज वगैरे काही पाहिला नाही. एवढी जोरात गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. पोहोचलो तेव्हा बायका वावरात होत्या, सात-आठ. काही विहिरीच्या काठावर बसलेल्या, एक परातीत दहीभात कालवत होती. मी धुऱ्यावरूनच ओरडत सुटलो, "उठा तिथून! काठ पोकळ आहे, उठा!"

बायका दचकून उठल्या आणि बाजूला झाल्या. मला घाबरून हो, विहिरीला नाही. परातवाली पुढे आली. तिशीतली असेल. तिचं नाव शोभा, हे नंतर कळलं. वावर तिच्या घरचं होतं, नवरा वणीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि शेतीचं सगळं हीच पाहायची. ती चांगलीच तापली होती.

"कोन तुमी? सनासुदीचं काय बोलून राह्यले?"

"तुमच्याच घरच्या बाईने सांगितलं. मागच्या रविवारी, इथेच. काठ आतून..."

"आमच्या घरची कोन बाई? घरात मीच एकटी बाई हावो कामाची."

मी वर्णन करायला लागलो. म्हातारी, काटक, गोंदण, निळ्या चौकडीचा शर्ट... तो शर्ट शोभाच्या अंगात होता. खिशाला लाल बटण. गजूनेही पाहिलं, कारण त्याने माझा दंड धरला.

"हा आत्याबाईचा शर्ट व्हय, माह्या सासूचा," शोभा म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "साल झालं, मीच घालतो."

तोवर त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने, कमळाबाईने, वावरातली सब्बल, म्हणजे पहार, आणली होती. "पाहू त द्या," असं म्हणून तिने लांबूनच काठावर एक ठोका दिला. काही झालं नाही. दुसरा दिला. मग त्या बसल्या होत्या तो सगळा भाग, दगडांसकट, आत गेला. मोठा आवाजही झाला नाही. आधी माती सरकल्यासारखी खसखस, आणि मग खाली पाणी वाजलं. काठावर ठेवलेल्या पाण्याच्या घागरीही गेल्या.

एक बाई नुसती मटकन खाली बसली.

मग शोभाने आम्हाला घरी नेलं. आग्रह वगैरे नाही, "चला" एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली. वाटेत मी तिला खरं सांगून टाकलं, की मी पाहणीवाला नाही, साहेब नाही, नुसता भटकत होतो. तिने त्यावर मान हलवली. यानंतर ती मला भाऊ म्हणायला लागली.

घरात खाटेवर तीच म्हातारी होती. तेच गोंदण, तोच चेहरा, फक्त निम्मा उतरलेला. उजवा हात आणि पाय काठीसारखे. मागच्या वर्षी वेचणीच्या दिवसांतच लकवा मारला, शोभा म्हणाली. तेव्हापासून उठणं नाही, बोलणं नाही. घोट पाणीही चमच्याने. आणि विहीर खचली असेल तर यंदाच्या पावसात, कारण गेल्या साली त्याच काठावर सगळ्यांनी जेवणं केली होती. "यंदाचं वावर थिनं पाह्यलंच नाही भाऊ. खाटीवरून उतरलीच नाही त पाहीन कशी?"

मी खाटेजवळ गेलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं का? गजू म्हणतो, ओळखलं. मी शपथेवर सांगू शकत नाही. डोळे हलले एवढं खरं.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दुसरी कोनी बाई असन." मीही तेच धरून बसलो बरीच वर्षं. दुसरी बाई, तसाच शर्ट, तसंच गोंदण. पण मग ती "आमची सीतादही" का म्हणाली, आणि त्या गावातली एकही बाई अशी कुणी दुसरी बाई का सांगू शकली नाही... लकव्याचा माणूस असा मधेच उठून चालू-बोलू शकतो का, हे गजू डॉक्टरांना विचारून आला, ते हसले. मी डायरी शंभरदा काढून पाहिली. अक्षर माझंच आहे. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात गेली. रविवारच्या आमच्या फेऱ्या त्या हिवाळ्यातच बंद पडल्या, कुणी ठरवून नाही, आपोआप.

पण खरं सांगू, लकव्याची बाई वावरात कशी आली, याने माझी झोप उडत नाही. माणूस त्याचीही सवय करून घेतो. माझी झोप उडते ती त्या घरात पुढे जे झालं त्याने.

शोभा खाटेवर बसली होती. सासूचं डोकं मांडीवर घेऊन दहीभात भरवत होती, सांडलेलं पदराने पुसत होती. हे ती रोज, वर्षभर करत होती. मधेच तिने मला विचारलं, "भाऊ, आवाज कसा होता?"

"कुणाचा?"

"आत्याबाईचा. साफ बोलत होती? पह्यलेसारखी?"

मी म्हटलं, "साफ. खणखणीत. भराभर बोलल्या."

तिचा हात थांबला. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही. मग म्हणाली, "मी रोज इचारतो तिले. आत्याबाई, काय दुखते, काय पायजे, एक अक्षर त बोल. साल झालं. थे बोलू शकत होती, त मले काहून नाही सांगतलं? रस्त्यावरच्या मानसाले काहून सांगतलं?"

म्हातारीने डोळे मिटले होते. गजू दाराकडे पाहत होता. शोभा माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती, कारण तिच्या मते हे फक्त मलाच माहीत असणार. मला माहीत नव्हतं. आजही नाही.