दोन कॅराव्हॅन आणि उकडलेले बटाटे

बारा महिने राहायला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची तर कुठली घ्यावी, असं मला आजही कुणी विचारलं, तर मी आधी विचारते, की जानेवारीत पहाटे उठून तिच्या भिंतीला हात लावून पाहिलास का? लोक पडदे बघतात, गाद्या दाबतात. आम्हीही तेच केलं होतं. ज्या माणसाने आम्हाला ती व्हॅन विकली त्याच्यावरचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवलाय. दागिना ठेवतात ना कापडात गुंडाळून, तसा. आज सोडते.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे हे लंडनच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागले होते. जवळच्या हाउन्सलोमध्ये खोली बघायला जावं, तर आमची तोंडं दिसली की खोली आत्ताच गेलेली असायची. शेवटी कामावरच्या एकाने कॅराव्हॅन उभ्या करून लोक राहतात त्या साइटबद्दल सांगितलं. तिथे कुणी कुणाला रंग विचारत नाही म्हणाला, सगळेच नडलेले असतात. आमची पोर तेव्हा तीन वर्षांची. छातीने जरा नाजूकच.

सप्टेंबर होता, छान ऊन पडलेलं. मोठ्या रस्त्यावर व्हॅन विकणाऱ्या एका यार्डात दोन व्हॅन शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक पांढरी. मोठाल्या खिडक्या, फुलाफुलांचे पडदे, भिंतीत बसवलेला गॅसचा हीटर. दुसरी चॉकलेटी, बुटकी, खिडक्या एवढ्याएवढ्याशा, आणि कोपऱ्यात कोळशाची लोखंडी शेगडी, तिचं धुरांडं छपरातून वर गेलेलं. मी आपली दोन्हींच्या भिंतींवर बोटांनी वाजवून पाहिलं, नारळ घेताना वाजवतो तसं. पांढरी पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. चॉकलेटी भरीव वाजली. मी ह्यांना हळूच म्हटलं, ती घेऊ या. तर यार्डवाला हसला. म्हणाला, ती म्हाताऱ्या मजुरांसाठी आहे मॅडम, ही पांढरी तर भर हिवाळ्यात उबदार राहते, माझा शब्द. ह्यांनी शब्दावर विश्वास ठेवला. आम्ही तशाच घरांतून आलेलो. दुकानदाराने शब्द दिला की तो दिला.

डिसेंबरात ती व्हॅन काय चीज आहे ते कळलं. सकाळी उठावं तर उशी भिंतीला चिकटलेली. ओढली की अभ्रा टरकायचा. खिडक्यांच्या आतून बर्फाची नक्षी. खालून नळ गोठलेला, म्हणून पाण्याची बादली रात्री पलंगाजवळ ठेवायची. आणि गॅसचं तर असं, की कडाक्याच्या थंडीत तो सिलिंडरमध्येच बसून राहायचा, ज्योत पेटायचीच नाही. दुपारी पेटला की भिंतींवरून पाण्याच्या धारा. पोरीचं अंथरूण ओलं, पोरीचे कपडे ओले, आणि तिचा तो खोकला. ऐकवायचा नाही.

ह्यांनी यार्डवाल्याला बोलावून आणलं. तो आला तेव्हा माझा भात शिजत होता, झाकण अर्धं उघडं. त्याने भिंतीवरून बोट फिरवलं, ते ओलं बोट नाकाशी नेलं, आणि दारात जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मॅडम, ही तुमची करी आहे. आमच्या लोकांसारखं राहा, भिंती आपोआप कोरड्या होतील.”

आणि आमचे हे काय म्हणाले? सॉरी सर म्हणाले.

त्याचा राग आला, पण ह्यांच्या सॉरीने माझं काळीज जळलं. त्याहून वाईट म्हणजे मला ते खरं वाटलं. आठ दिवस मी चूल बंद ठेवली. ना भात, ना वरण, ना फोडणी. पाव, जॅम, डब्यातलं थंड मटण. हे खाली मान घालून खात. पोर वरणभात मागायची आणि मी तिला पाव द्यायची. आठव्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावला. ओलीच.

त्या सकाळी मी कोट चढवला आणि साइटवरच्या एकेका व्हॅनचं दार वाजवत सुटले. इंग्रजी मोडकंतोडकंच, पण हात लावून बघायला इंग्रजी कशाला लागतंय? आमच्यासारखीच पांढरी व्हॅन होती एका विधवा म्हातारीची. ती जन्मात कधी फोडणी देणार? बटाटे आणि कोबी उकडून खाणारी बाई. तिच्या भिंतीवरून तशाच धारा वाहत होत्या. पलीकडे ग्लासगोचा एक रस्त्यावर काम करणारा माणूस जुन्या चॉकलेटी व्हॅनमध्ये राहायचा. आत गेले तर माझ्या चष्म्यावर साधी वाफसुद्धा धरली नाही. भिंतींत थंडी अडवणारं भरण होतं, शेगडी रात्रभर धुमसत होती. त्याने मला समजावलं, की उघड्या गॅसची ज्योत स्वतःच पाणी सोडते, आणि ते पाणी गार पत्र्यावर येऊन बसतं. कोळशाच्या शेगडीचा ओलावा धुरांड्यातून निघून जातो. यात करीचा काही संबंध नाही, बाई.

म्हातारीला मी सगळं सांगितलं. तिलाही त्याने शब्दच दिला होता. ती म्हणाली, शनिवारी बटाटे मी आणते, डिअर. तू फक्त बसून राहा.

शनिवारी यार्डात गिऱ्हाइकं यायची. हा लबाड त्या दिवशी पांढऱ्या व्हॅनमधला हीटर सकाळपासून पेटवून, दारं-खिडक्या उघडून आत कोरडं करून ठेवायचा, आणि माणसं आली की दार लावायचा. आम्ही दोघी आत गेलो. म्हातारी त्याला म्हणाली, जुनी देऊन ही घ्यायची तर आधी चूल पेटवून बघायला नको का? गोऱ्या म्हातारीला तो नाही म्हणू शकला नाही. तो बाहेर दुसऱ्या व्हॅन दाखवत हिंडत होता तोवर म्हातारीने भांडंभर बटाटे चढवले. झाकण नाही, मीठसुद्धा नाही. मी बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते. काचा आधी धुरकट झाल्या, मग थेंब धरले, मग ओघळ सुरू झाले. मी एकेक ओघळ खाली येताना बघत होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

तो एका नव्या जोडप्याला घेऊन आत आला. बोलतच आला, भर हिवाळ्यात उबदार वगैरे. छपरावरून टपकन एक थेंब त्या मुलीच्या कॉलरवर पडला. ती वर बघायला लागली.

मी घोटून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “सर, आज करी कुणी केली?”

त्याच्या चेहऱ्याचा रंग बघायला आमचे हे तिथे हवे होते. म्हातारीने भांड्यातला बटाटा काट्याला टोचून त्याच्यापुढे धरला. बटाटा आहे, म्हणाली. जोडपं निघून गेलं.

सोमवारी तो स्वतः साइटवर आला. पांढरी व्हॅन परत घेतो, चॉकलेटी देतो, वर काही मागत नाही, फक्त यार्डात परत येऊ नका म्हणाला. चॉकलेटी घेतली. पोरीला घेऊन शेगडीपाशी झोपले त्या रात्री तिचा खोकला बराच कमी होता. पण त्याच्या अटीला मी काही हो म्हटलं नव्हतं.

तो सोमवार संक्रांतीचा होता. आईने पार्सलने पाठवलेल्या तिळाचे लाडू मी सगळ्या साइटला वाटले होते, ग्लासगोवाल्यालासुद्धा. हे म्हणाले, अगं, यार्डवाल्यालाही दे एक, सणाचा दिवस आहे, मागचं विसरायचं. मी त्याच्यादेखत डब्याचं झाकण लावलं. करीचा शब्द त्याने परत घेतला नव्हता, आणि ह्यांचं सॉरी अजून त्याच्याकडेच होतं.

पुढच्या शनिवारी मी भांडं उचललं. हे दारात दाढी करत होते.

“कुठे निघालीस?”

“बटाटे उकडायला.”

म्हातारीची व्हॅन अजून ओलीच होती ना. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला. मग तोंड पुसलं, कोट घातला आणि माझ्या हातातलं भांडं घेतलं. “दे इकडे, जड आहे,” म्हणाले.

असे आम्ही तिघं ओळीने तीन शनिवार गेलो, आणि गिऱ्हाइकांदेखत त्याला आम्हाला हाकलता येईना. तिसऱ्या शनिवारी त्याने म्हातारीलाही चॉकलेटी व्हॅन कबूल केली. मग आमच्या ह्यांच्याकडे बघून, दात आवळून, सॉरी सर म्हणाला. मी म्हटलं, तेवढ्याने नाही. त्याच्याच शेडमधून रंगाचा डबा आणि ब्रश आणवला. पांढऱ्या व्हॅनपुढच्या पाटीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, फक्त उन्हाळ्यासाठी. थंडी इतकी होती, की रंग वाळेना. अक्षरं वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.